कॅरोलिनाच्या मातीतलं ग्रीक काळं

नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मी गोळ्यांना लेप चढवण्यात घालवली. कॅरोलिनातल्या कॅरी गावाहून रोज सकाळी हायवेनं औषध कंपनीत जायचं आणि दिवसभर एकच विचार करायचा: गोळीवरचं आवरण गुळगुळीत कसं होईल, त्याचे पापुद्रे निघणार नाहीत ना, पोटात ते नेमकं कुठे विरघळेल. लेपाचं सगळं नशीब त्यातल्या कणांच्या आकारावर असतं, हे मी इतक्या नव्या मुलांना शिकवलं की शेवटी ती मुलंच मला ऐकवायला लागली. रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, या विद्येचं काम संपलं.

मग मी टाऊनच्या आर्ट सेंटरमध्ये मातीकामाच्या वर्गाला जायला लागले. शिकवणारा माणूस चाळिशीतला, कमी बोलणारा, पिढीजात कुंभार. आमच्या दक्षिणेला तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर अख्खी गावं कुंभारांची आहेत, त्यातल्या एका घरातला. त्याच्या पणजोबांनी आयुष्यभर लोणच्याच्या बरण्या केल्या. वर्गात सगळे त्याला नावानं हाक मारत. मला ते जमेना. माझ्याहून इतका लहान, तरी मी त्याला सरच म्हणायची, आणि तो दर वेळी कानापर्यंत लाल व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात माझा मातीचा गोळा चाकावरून उडाला आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडला. मी शरमेनं अर्धी झाले. बाई सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांनी गोळा चाचपला, दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हबीबती, लाडके, यात पाणी फार झालंय."

"तुम्ही अरब आहात का?" मी विचारलं.

"ग्रीक! शंभर टक्के ग्रीक," त्या म्हणाल्या. "जन्म मात्र अलेक्झांड्रियाचा."

त्यांचे आजोबा एका ग्रीक बेटावरून इजिप्तला गेले आणि तिथे त्यांनी बेकरी काढली. घरात ग्रीक, रस्त्यावर अरबी, शाळेत फ्रेंच अशी ही मुलगी वाढली. मग काळ बदलला, बेकरी सोडून कुटुंब जहाजात बसलं आणि अमेरिकेत आलं. इथे त्यांनी शाळेत गणित शिकवलं. आता त्यांचे डोळे जात चालले होते, तेही विचित्र पद्धतीनं: कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं तिथेच धुकं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या, म्हणजे त्यांना माझं तोंड थोडंफार दिसे. चाकावर मात्र त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती. बोटांच्या चिमटीत मातीची भिंत अशी वर चढायची की सरसुद्धा बघत उभे राहायचे. महिनाभरात आम्ही 'अगं-तुगं'वर आलो, म्हणजे माझ्या मनात तरी. इंग्रजीत तो प्रश्नच येत नाही.

एका दिवशी ती वर्गात आली ती धुमसतच. आदल्या दिवशी ती शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये गेली होती. जुनी ग्रीक भांडी बघायला नाक काचेला टेकवलं, तर गार्डनं मागे व्हायला सांगितलं. "मागे झाले तर मला काय दिसणार?" तिनं तिथेच क्युरेटरला बोलावून घेतलं. क्युरेटर तरुण मुलगी, पण चांगली निघाली. तिनं सांगितलं, वसंतात भूमध्य समुद्राच्या चहूकडच्या भांड्यांचं प्रदर्शन आहे आणि त्यात हात लावायचं एक टेबल असणार आहे. टेबलासाठी थ्री-डी प्रिंटरवर केलेल्या प्लास्टिकच्या प्रती तयार आहेत.

"प्लास्टिक!" मैत्रीण म्हणाली. "मी तिला सांगून आले. खरी मातीची भांडी आम्ही करून देऊ. काळी-लाल, जशी होती तशी. ती म्हणाली, वेळेत आणलीत तर तीच ठेवीन."

"आम्ही म्हणजे कोण?" सरांनी विचारलं.

"तू, मी आणि ही," ती माझ्या कानाकडे बघत म्हणाली.

सरांनी हातावरची माती पुसली. मग त्यांनी अडचण सांगितली. ग्रीक भांड्यांवरचा तो चकाकता काळा रंग म्हणजे रंग नव्हेच. भांडं ज्या मातीचं, जवळपास त्याच मातीचा पातळ लेप. भाजताना आधी भट्टीत हवा खेळवायची, मग हवा बंद करून धुरानं सगळं काळं करायचं, आणि शेवटी पुन्हा हवा सोडायची. बाकीचं भांडं परत लाल होतं आणि लेप तेवढा काळा राहतो. "निदान राहायला हवा," सर म्हणाले. "मी दोनदा करून बघितलंय. दोन्ही वेळा चॉकलेटी."

मला आतून कुणीतरी ढुशी दिल्यासारखं झालं. सगळं भांडं लाल होतं आणि लेप होत नाही. का? लेपानं आपली दारं बंद केली म्हणून. कण इतके बारीक की उष्णतेनं ते वितळून एकमेकांना चिकटले, काचेसारखे झाले, आणि नंतर आलेल्या हवेला आत शिरताच आलं नाही. हे तर माझंच काम होतं! मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "लेप माझ्याकडे," म्हणाले.

आमची वाटणी झाली. आकार मैत्रिणीचे, भट्टी सरांची, लेप आणि चित्रं माझी. चित्रांचं मी का पत्करलं, ते सांगायला हवं. माझे वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ट्रकच्या फाळक्यांवर वेलबुट्टी काढायचे. लांब केसांचा ब्रश, करंगळी फळीला टेकलेली, श्वास धरून एकच रेघ. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून जुन्या पत्र्यावर रेघा ओढत असे. अमेरिकेत आल्यावर ते सगळं राहिलं होतं. पण त्या हिवाळ्यात मी एक लांब केसांचा ब्रश मागवला, करंगळी टेकवली, आणि रेघ आली. पहिली वाकडी आली, पण आली.

क्युरेटरनं आम्हाला तीन भांड्यांचे फोटो आणि मापं दिली. एक मुठीत मावणारी तेलाची कुपी, एक उथळ प्याला, आणि एक उंच, दोन पसरट कानांची सुरई. मैत्रीण खूश होती. आपल्या लोकांची कला आपण अमेरिकेत परत जन्माला घालणार म्हणून ती मिरवत होती. क्युरेटर एकदा काम बघायला वर्गात आली, तेव्हा कुपीवरच्या चित्रांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे सिंह पूर्वेकडून आलेत. ग्रीक चित्रकारांनी ते सिरियाकडच्या धातूच्या वाट्यांवर, कापडांवर पाहिले. ही फुलं तिकडचीच, आणि हा बाईच्या तोंडाचा स्फिंक्ससुद्धा."

"स्फिंक्स माझ्या इजिप्तचा," मैत्रीण लगेच म्हणाली.

"आणि ही सुरई," क्युरेटर पुढे म्हणाली, "हिचा आकार अथेन्सचा नाही. इटलीत एट्रुस्कन लोक असली भांडी वापरायचे. अथेन्सच्या एका कुंभारानं त्यांचा आकार उचलला, त्यावर आपली चित्रं काढली आणि माल जहाजात घालून त्यांनाच विकला."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. मला वाटलं, दुखावली. तिनं ओल्या सुरईचे कान चाचपले, वरून खाली, खालून वर. मग ती एकदम हसायला लागली. "माझ्या बापानं हेच केलं! अलेक्झांड्रियात ईदला गोड बिस्किटं लागतात, कहक म्हणतात त्यांना. माझा बाप ग्रीक, पण अख्ख्या गल्लीत कहक आमच्याच बेकरीचे जायचे. मुसलमान बायका म्हणायच्या, आमच्या आईच्या हातचे असेच असायचे." हसता हसता तिनं डोळे पुसले. "मी उगाच मिरवत होते. मी स्वतःच तर ही सुरई आहे."

त्या दिवशी मी तिला माझ्या गावची गोष्ट सांगितली. कोल्हापुरात नदीकाठच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा मातीखालून ग्रीकांच्या समुद्रदेवाची वीतभर ब्राँझची मूर्ती निघाली. शाळेत असताना वडिलांनी मला ती म्युझियममध्ये दाखवली होती. दाढीवाला, उघडा, एक हात उंचावलेला देव. "आपल्यातला नाही, पाहुणा आहे," वडील म्हणाले होते. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून तो कसा आला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कुणी ठामपणे सांगत नाही. व्यापाऱ्यांबरोबर आला असणार.

"पोसायडन? तुझ्या गावात?" मैत्रिणीनं माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे आमची माणसं तुझ्या घरी येऊन गेली, आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" पुढच्या वर्गाला तिनं मला डबाभर कहक आणले.

आता लेप. माझ्या गॅरेजमध्ये काचेच्या बरण्या मांडल्या. माती पावसाच्या पाण्यात घोळायची, त्यात लाकडाच्या राखेचं खारं पाणी घालायचं, म्हणजे कण एकमेकांपासून सुटे राहतात. मग बरणीला हात लावायचा नाही. जाड कण खाली बसतात, सगळ्यात बारीक वर तरंगत राहतात. तेवढंच वरचं पाणी नळीनं काढून आटवायचं. महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या आणि गॅरेजमधल्या त्या तांबूस बरण्या बघून दारातच थबकल्या. नवऱ्यानं त्यांना सांगितलं, "काही नाही काकू, ही गढूळ पाणी साठवून राहिली." तो नागपूरचा आहे. चेहरा न हलवता बोलतो.

पहिली भट्टी थंडीत लावली. सरांच्या घरामागे त्यांनी विटांची छोटी भट्टी बांधली होती. माझ्या नवऱ्यानं ट्रक भाड्यानं आणून लाकडं वाहिली. भट्टी निवल्यावर उघडली, तर सगळं लालच लाल. माझे सिंह लालावर लाल, जसे काही नव्हतेच. दुसऱ्या खेपेला लेप चॉकलेटी आला, सरांचा यायचा तसाच, आणि सुरईचा एक कान तडकला. मैत्रिणीनं तो तडा बोटानं शोधला आणि एवढंच म्हणाली, "दुसरी करते." घरी येताना मात्र गाडीत ती तडकलेली सुरई मांडीवर घेऊन बसली.

मी गॅरेजमध्ये जाऊन बसले. कण बारीक होते, ते मी तपासलं होतं. मग लेप चिकटत का नव्हता? एका संध्याकाळी मला उमगलं की मी कणांचा आकार बघतेय आणि कण कशाचा आहे ते विसरतेय. आमच्याकडची लाल माती उष्णता खूप सोसते, लवकर वितळत नाही. गोळ्यांच्या लेपात आम्ही नरम करणारा पदार्थ घालतो. इथे तो मातीतच असायला हवा होता, आणि अभ्रकाच्या मातीत तो असतो. मी सरांना फोन केला. "सर, तुमच्याकडे चमकणारी माती कुठे मिळेल का? अभ्रकाची?"

मग ते म्हणाले, "आमच्या शेताच्या टोकाला ओढ्याचं वळण आहे. लहानपणी आम्ही तिथली माती तोंडाला फासून चांदीची माणसं व्हायचो."

त्या ओढ्यातून आम्ही बादल्या भरून माती आणली. सर लहानपणी तोंडाला फासत तीच. तिचा लेप आटवल्यावर तो माझ्या चमच्यावर साईसारखा पसरला, आणि वाळल्यावर, भाजण्याआधीच, त्याला चमक होती. मी चमचा नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "हे होऊन जाईल." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार.

मैत्रिणीनं नवी सुरई ओढली, आधीच्याहून पातळ. मी करंगळी टेकवून सिंह काढले, स्फिंक्स काढले, वाळलेल्या लेपात सुईनं आयाळीच्या रेघा कोरल्या. सुरईच्या बुडाशी कुंभार आपलं नाव घालत, "अमक्यानं मला केलं" असं. आम्ही तिघांची नावं घातली, तिनं ग्रीकमध्ये, सरांनी इंग्रजीत, मी देवनागरीत.

तिसऱ्या भट्टीला पहाटे जाळ घातला. दुपारपर्यंत आत नारिंगी उजेड झाला. मग सरांनी ओली लाकडं कोंबली, हवेच्या वाटा चिखलानं लिंपल्या, आणि विटांच्या फटींतून दाट, पिवळट धूर यायला लागला. आम्ही भट्टीत चाचणीसाठी लेप दिलेल्या मातीच्या कड्या ठेवल्या होत्या, लोखंडी सळईनं ओढून काढायला. धूर कोंडलेला असताना काढलेली कडी काळीकुट्ट होती, आतबाहेर. मग वाटा उघडल्या. हवा शिरली. थोड्या वेळानं सरांनी दुसरी कडी काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. चर्र झालं. त्यांनी ती उचलून बघितली आणि माझ्या हातात दिली.

कडी नारिंगी-लाल झाली होती. माझा लेप काळाच होता. नुसता काळा नव्हे, ओल्या काळ्या द्राक्षासारखा चकाकत होता.

"काय झालं? सांगा ना कुणीतरी!" मैत्रीण ओरडली. मी कडी तिच्या हातात ठेवली. तिनं अंगठा फिरवला, लालावरून काळ्यावर, काळ्यावरून लालावर. खरबरीत, गुळगुळीत. खरबरीत, गुळगुळीत. "इथे बदलतंय," ती म्हणाली. "मला रेघ लागतेय. मला तुझी रेघ दिसतेय!" सरांनी टोपी काढून हवेत फेकली, ती ओढ्याच्या दिशेला जाऊन झाडात अडकली. मी पासष्टीनंतर पहिल्यांदा उड्या मारल्या. गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली, पण त्या दिवशी नाही.

भट्टी पूर्ण निवल्यावर उघडली तेव्हा तिन्ही भांडी शाबूत होती. कुपीवरचा एक सिंह एका बाजूनं किंचित हिरवट आला होता. क्युरेटर म्हणाली, खऱ्या भांड्यांवरही असे डाग असतात. ती सुरई दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली. प्लास्टिकच्या प्रतींचं नाव तिनं काढलं नाही. मैत्रिणीनं काढलं.

"त्यांचं आता काय करणार?"

"ठेवू कुठेतरी."

"ऑफिसात ठेव. पेन्सिली घालायला बऱ्या."

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आमच्या टेबलाजवळ रांग लागली. भोवती काचेच्या कपाटांत अडीच हजार वर्षांपूर्वीची मूळ भांडी, आणि मध्ये आमची, उघडी, हात लावायला. लोक आधी बिचकत. म्युझियममध्ये हात मागे बांधायची सवय. मग एकानं धीर केला की बाकीचे पुढे येत. मैत्रिणीला तिथे खुर्ची दिली होती, पण ती बसलीच नाही. प्रत्येकाचा हात धरून ती सुरईवर ठेवायची आणि गणिताच्या बाईंच्या खणखणीत आवाजात सांगायची, "हा आकार इटलीचा. हे जनावर सिरियाचं. हा बाईच्या तोंडाचा स्फिंक्स इजिप्तचा. बुडाशी ग्रीक अक्षरं आहेत, तीही ग्रीकांनी फिनिशियन खलाशांकडून घेतली. आणि माती इथली, कॅरोलिनाची."

एक गृहस्थ, सूट घातलेले, मान हलवत म्हणाले, "पण मग यात ग्रीक काय उरलं?"

मैत्रिणीनं त्यांच्या कानाकडे बघितलं. "सगळं," ती म्हणाली. "जगातून चांगलं निवडायचं आणि ते असं करायचं की जगानं ते परत मागावं. याला ग्रीक म्हणतात. हात धुतलेत ना? मग लावा."

गृहस्थ हसले आणि त्यांनी हात लावला. त्यांची बोटं माझ्या सिंहाच्या पाठीवरून गेली, शेपटीपर्यंत, आणि परत आली. सर भिंतीला टेकून हे बघत होते, आज कानांबरोबर मानही लाल. कुणीतरी त्यांना विचारलं, ही भांडी कुणी केली? त्यांनी आमच्या दोघींकडे बोट दाखवलं, आणि मग, जरा थांबून, स्वतःकडेही.

निघायच्या आधी क्युरेटर आली. दुसऱ्या एका म्युझियमनं फोटो पाहून विचारलं होतं, त्यांच्याही टेबलासाठी एक संच मिळेल का. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मिळेल," म्हणाली. "पण त्यांच्या गार्डांना सांगा, म्हाताऱ्या बायकांना काचेपासून हाकलायचं नाही."

पार्किंग लॉटमध्ये ती माझ्या दंडाला धरून चालत होती, नेहमीपेक्षा भरभर, आणि गात होती. ठेका धरायला लावणारं काहीतरी. मला एक शब्द कळत नव्हता, पण मी टाळ्या वाजवायला लागले.

"हे ग्रीक की अरबी?" मी विचारलं.

"अर्धं-अर्धं. आमच्या गल्लीतलं," ती म्हणाली. "चाल बहुतेक इटालियन आहे."

नवऱ्यानं गाडी पुढे आणून खिडक्या खाली केल्या. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, तशी ती आणखी मोठ्यानं गायला लागली.